नळ, मुहूर्त आणि आठ आकडी गुणाकार

पेपरवाले आले की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "मॅडम, एवढे मोठे गुणाकार मनातल्या मनात कसे करता?" दुसराही ठरलेला. "लहानपणापासूनच हुशार होतात का?" पहिल्याचं मी उत्तर देते आणि दुसऱ्यावर चिडते. हुशार वगैरे काही नव्हते. मी रांगेत होते.

आमचं लहानपण दुष्काळातलं. शहर तेव्हा भराभर वाढत होतं. बायपासपलीकडं कापसाच्या रानात प्लॉट पडत होते, प्लॉटवर घरं उभी राहत होती, घरात नळ बसले होते, फक्त नळाला पाणी नव्हतं. आमची वसाहत अशीच. रस्ते नकाशात होते, जमिनीवर नव्हते. पाणी टँकरनं यायचं. वडील कचेरीत, आईची पाठ कायमची धरलेली, त्यामुळं हंडे मांडून रांगेत बसायचं काम माझ्याकडं. टँकर कधी येणार हे टँकरवाल्यालाही माहीत नसायचं. मग बसून करायचं काय? समोरून गाड्या जायच्या. मी एका गाडीच्या पाटीवरचा आकडा घ्यायचे आणि मागून येणाऱ्या गाडीच्या आकड्यानं गुणायचे. आधी गाड्या तुरळक होत्या, एक गुणाकार निवांत चालायचा. मग शेंद्र्याकडं कारखाने उभे राहिले, गाड्या वाढल्या, आणि मलाही वेग वाढवावा लागला. लोक शहराच्या वाढीला नावं ठेवतात. मी ठेवत नाही. माझा सगळा सराव त्या रहदारीनं करून घेतला आहे.

वडील आमच्या भावकीतले पहिले कारकून. त्यांचे भाऊ अजून वेरूळच्या डोंगराकडं मेंढरं घेऊन फिरत होते. वडिलांनी शाळेत छड्या खाऊन पावकी, निमकी, औटकी पाठ केली होती. पावचा पाढा, अर्ध्याचा पाढा, साडेतीनचा पाढा. खाल्लेल्या छड्या वाया जाऊ नयेत म्हणून ते रोज संध्याकाळी मला समोर बसवून ते सगळे पाढे म्हणायला लावत. औटकी तेव्हा कुठल्याही पुस्तकात राहिली नव्हती.

"अप्पा, साडेतीननं गुणायची वेळ येते तरी कधी?"

"येती. तू म्हण."

ती वेळ अजून आलेली नाही. पण साडेतीनचा पाढा ज्याला बिनचूक येतो, त्याला पूर्ण आकड्यांचं काही वाटत नाही, एवढं मात्र खरं.

शाळेतल्या गणिताच्या बाईंनी मला पहिल्या स्पर्धेला नेलं. तिथं आठ आकडी संख्यांचे गुणाकार असतात, वर्गमुळं असतात, दहा आकडी संख्यांच्या लांबच लांब बेरजा असतात, आणि तारखांचा एक फेरा असतो. शे-दोनशे वर्षांपूर्वीच्या तारखा समोर ठेवतात आणि तुम्ही त्यांचे वार लिहायचे. कागदावर फक्त उत्तर. मधली आकडेमोड डोक्यात. हातचे मी डोक्यात ठेवत नाही, बोटांच्या पेरांवर ठेवते. अंगठा त्या त्या पेरावर टेकवला की तो आकडा तिथं बसून राहतो. आमच्या घरात मेंढरं मोजायची तीच रीत होती. शेजारच्या बाकांवरची चष्मेवाली मुलं डोळे मिटून गणितं करायची आणि मी बोटं चाळवत बसलेली. एका परीक्षकांना वाटलं मी जप करते आहे.

राज्यात पहिली आले. पुढच्या वर्षी पुन्हा पहिली आले. देशपातळीवर मात्र कधी तिसरी, कधी चौथी. पहिला नंबर दरवेळी हातातोंडाशी येऊन निसटायचा आणि मी घरी येऊन दोन दिवस कुणाशी बोलायचे नाही. आई म्हणायची, "तिसरी आलीस ना, मग सुतक कशाला?" मला देशात पहिलं यायचं होतं. का, ते विचारू नका. काही लोकांना डोंगर चढायचा असतो, मला तो नंबर हवा होता.

वसाहतीत मात्र ढाली-बिलींचं कुणाला काही नव्हतं. तिथं माझी किंमत वेगळ्याच कारणानं वाढली. आमच्याकडं एकदाचे नळ सुरू झाले, पण पाणी दर पाचव्या दिवशी. ज्या दिवशी पाणी येईल तो नळाचा दिवस. त्या दिवशी धुणी, त्या दिवशी गोधड्या, त्या दिवशी अंघोळीला डोक्यावरून पाणी. पाहुण्यांनाही लोक फोनवर स्पष्ट सांगायचे, "बुधवारी नका येऊ, गुरुवारी नळ आहे, गुरुवारी या." आणि लग्न? भटजी पंचांग बघून तीन-चार मुहूर्त काढून द्यायचे, आणि त्यातला नळाच्या दिवशी कुठला पडतो हे विचारायला लोक माझ्याकडं यायचे. मी पाचाच्या उड्या मारत पुढं जायचे आणि सांगायचे. मंडप घरासमोरच्या मोकळ्या प्लॉटवर, पहाटे टाकी भरलेली, भांड्यांना पाणी, पाहुण्यांना पाणी. माझ्या सांगण्यावर वसाहतीतली कितीतरी लग्नं लागली. भटजी गमतीनं म्हणायचे, "मुहूर्त मी काढतो, पण पास तू करतेस."

मग माझंच लग्न ठरलं. मुलगा शेंद्र्याच्या एका कारखान्यात यंत्रावर कामाला. त्यांचं घर कारखान्याच्या कुंपणाला लागूनच. अर्धी जमीन औद्योगिक वसाहतीत गेलेली, अर्ध्यावर बाजरी, दारात शेळ्या. मुलगा हसरा होता आणि मला आवडला होता. त्याची आई हसरी नव्हती. सासूला आमच्याकडं आत्या म्हणतात. ह्या आत्या उंच, काटक, आणि एक शब्द पुरत असेल तिथं दुसरा न वापरणाऱ्या.

याद्या करायला पाहुणे आमच्याकडं बसले होते. भटजींनी तीन मुहूर्त सांगितले. वडिलांनी मोठ्या तोऱ्यात मला आतून हाक मारली. "ये गं. नळाचा कोणता ते सांग पाव्हण्यांला." मी चहाचा ट्रे हातात घेऊनच उत्तर दिलं, "दुसरा." पाहुण्यांत कौतुकाची कुजबुज झाली. एक चुलत सासरे म्हणाले, "आरं, हिला तर पंचांगबी नको!" मी मान खाली घालून आत गेले. आत जाताना माझा पाय जमिनीला लागत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभी होती. "बरं झालं बाई," ती म्हणाली, "महिन्याचा शेवटचा रविवार आलाय. नोकरीवाल्यांना सुट्टी राहील."

माझ्या तोंडातला चहा तोंडातच राहिला. महिन्याचा शेवटचा रविवार म्हणजे पुण्यातली राष्ट्रीय स्पर्धा. स्पर्धा शेवटच्या रविवारी, हे मला झोपेत विचारलं असतं तरी सांगितलं असतं. पण मला विचारलं होतं नळाचं. मी पाचाच्या उड्या मारत गेले, साताच्या मारायचं सुचलंच नाही. दोनशे वर्षांपूर्वीच्या परक्या तारखांचे वार सांगणारी मी, स्वतःच्या लग्नाचा वार काढला नव्हता.

आधी वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, "तूच सांग आता त्यांला. मला त्या बाईची भीती वाटती." मग होणाऱ्या नवऱ्याला फोन केला. तो हसायला लागला आणि थांबेचना. इतका वेळ हसला की लग्न मोडावं असं एकदा मनात येऊन गेलं. शेवटी दम खाऊन म्हणाला, "माझं काही नाही. पण आईला तूच सांगायचं. मी शेजारी उभा राहतो."

तर लग्नाआधीच मी सासरी गेले, तीसुद्धा लग्न पुढं ढकला म्हणायला. आत्या शेळ्यांना पाला टाकत होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी पाला टाकायचं थांबवलं नाही.

"काय असतं तिथं?"

"मोठे मोठे गुणाकार. मनातल्या मनात करायचे."

"मंग लोकांनी त्ये यंत्र काहून काढलं? माझ्या पोराच्या मोबाईलमधी हाय."

हा प्रश्न मला आयुष्यभर सगळ्यांनी विचारलाय आणि दरवेळी माझं डोकं फिरतं. तेव्हाही फिरलं. "मोटारी आल्या म्हणून पळायच्या शर्यती बंद झाल्या का, आत्या?"

नवरा शेजारी उभा होता तो दोन पावलं मागं सरकला. आत्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं नीट वळून बघितलं.

"तोंड लई हाय," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "तिसरा मुहूर्त धरा. पर नळाचं काय?"

तिसरा मुहूर्त नेमका कोरड्या दिवशी पडत होता. मी खरं ते सांगितलं.

"बघू. जा तू. पर एवढं एकडाव. शेवटचं. मंग घर हाय, शेळ्या हायत, उद्या लेकरंबाळं व्हतील. मंग हे नाय."

मी व्हय म्हटलं. दुसरं म्हणणार तरी काय? माझ्या ओळखीत लग्नानंतर स्पर्धेला गेलेली एकही मुलगी नव्हती. परतताना रिक्षात मला रडू आलं. तारीख मिळाली म्हणून हसायचं की शेवटची आहे म्हणून रडायचं हे काही ठरत नव्हतं, म्हणून दोन्ही करत बसले. रिक्षावाला आरशातून बघत होता.

त्यानंतर शहागंजमध्ये लग्नाचा बस्ता बांधायला दोन्हीकडची माणसं एकत्र गेलो. दुकानदार म्हातारा होता. त्यानं पेपरात माझा फोटो बघितलेला. जांभळा शालू उलगडता उलगडता म्हणाला, "बेटी, हमारी पैदाइश का वार बताओ."

"तारीख काय, चाचा?"

"तारीख किसको मालूम? तुम वार बोलो, तारीख हम लगा लेते."

सगळे हसले. मी शुक्रवार सांगून टाकला. तो इतका खूश झाला की सगळ्यांना चहा मागवला. मग शालूची घडी घालताना सहज विचारलं, "शादी के बाद भी जाएगी ना मुकाबले में?"

मी काही बोलायच्या आत आत्या म्हणाल्या, "आता कुठं? आता घर हाय तिला." चाचा मान हलवून दुसरा शालू काढायला वळला. मला तो जांभळा शालू फार आवडला होता, पण त्या क्षणी कुठलाही चालला असता.

पुण्याला वडील सोबत आले. सभागृहात थंडगार हवा सोडलेली, बाकं लांब लांब, आणि टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. पहिल्या फेरीत बेरजा झाल्या. मग वर्गमुळं झाली. मी पुढं होते. हे मला माहीत होतं आणि शेजारच्या बाकावरच्या मुलालाही माहीत होतं, कारण तो माझ्या बोटांकडं चोरून बघत होता.

मग गुणाकार आले. माझा हातखंडा प्रकार. पहिला गुणाकार केला आणि उत्तर लिहिण्याआधी मनात आलं, ही शेवटची वेळ. चूक व्हायला नको. म्हणून पुन्हा पडताळला. बरोबर होता. दुसरा केला, तोही पडताळला. माझ्यासारख्या माणसानं कधी पडताळायचं नसतं. उजवीकडून सुरुवात करायची, आडवेतिडवे गुणत डावीकडं जायचं आणि लिहून मोकळं व्हायचं. पण मी एकेक आकडा असा जपून लिहीत होते की जणू पुन्हा कुणी आकडा दाखवणारच नाही. घंटा झाली तेव्हा माझे दोन गुणाकार कोरे राहिले होते. लिहिलेलं सगळं बरोबर आलं. पण दोन कोरे. तारखांच्या फेरीत सगळ्यांत पुढं राहूनही ते भरून निघालं नाही.

दुसरी आले. त्याआधी देशात इतकी वर कधीच आले नव्हते. वडील पेढे घ्यायला धावले. मी ढाल मांडीवर घेऊन एस. टी.त बसले आणि अहमदनगर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. इतक्या गाड्या शेजारून गेल्या, एकीचाही आकडा वाचला नाही. वडील पेढ्याचा पुडा पुढं करायचे, मी मान हलवायचे. शेवटी त्यांनी एकट्यानंच निम्मा संपवला आणि रात्रभर पोट धरून बसले.

लग्नाच्या दिवशी नळ कोरडे. टाकीच्या तळाला दोन बोटं पाणी. वडिलांनी टँकर सांगितला होता, तो आमच्या गल्लीच्या तोंडाशीच रुतून बसला, कारण रस्ता अजूनही नकाशातच होता. वाजंत्री वाजते आहे, भटजी घाई करताहेत, आचारी पाण्यासाठी ओरडतोय आणि पाणी दोनशे पावलांवर उभं. तेवढ्यात नवरदेवाकडच्या बायकांतून आत्या उठल्या. पदर खोचला. आपल्या सगळ्या भाऊबंदांना त्यांनी टँकरपासून मंडपापर्यंत एका ओळीत उभं केलं. फेटेवाले मामा, सफारीतले चुलते, कारखान्यातले मित्र, सगळे. बादल्या हातोहात यायला लागल्या. खुद्द नवरदेव बाशिंग वर सारून मधे उभा. वसाहतीतल्या बायका आपापल्या घरातले हंडे घेऊन धावल्या. मी आतल्या खोलीच्या खिडकीतून हे बघत होते आणि इतकी हसत होते की करवल्यांनी लावलेलं काजळ पसरलं.

वऱ्हाडातल्या एकानं वैतागून विचारलं, "ह्यो कोरडा दिस कुणी काढला?"

"म्या," आत्या म्हणाल्या आणि पुढची बादली त्याच्या हातात दिली.

खरं कारण माझी स्पर्धा होती, ते त्यांनी स्वतःवर का घेतलं, तेव्हा मला कळलं नाही. अक्षता पडल्या तेव्हा निम्म्या वऱ्हाडाचे कपडे ओले होते आणि जेवणाच्या पंगतीला कुणाला पाणी कमी पडलं नाही. चुलत सासरे जेवताना म्हणत होते की असं अंगमेहनतीचं लग्न त्यांनी जन्मात पाहिलं नाही.

शेंद्र्याला आल्यावर दोन-तीन दिवस देवदर्शन, पूजा, पाहुणे यांत गेले. मग घर मोकळं झालं. नवरा पहिल्या पाळीला कारखान्यात गेला. मी अंगण झाडून उभी होते. आत्या शेळीची धार काढत बसल्या होत्या.

"पुण्याला काय झालं, नीट सांग," त्या म्हणाल्या. "तुझा बाप नुसता पेढे देऊन गेला."

मी सांगितलं. बेरजा, वर्गमुळं, पुढं असणं, मग गुणाकार. दोन कोरे राहिले ते.

"काहून राहिले? येत नव्हते?"

"येत होते. पण प्रत्येक उत्तर दोनदा तपासलं. वेळ संपली."

"आन् दोनदा काहून?"

मला खोटं सांगता आलं असतं. पण त्यांनी लग्नात माझं ओझं स्वतःवर घेतल्यानंतर मला त्यांच्याशी खोटं बोलवेना. "शेवटची वेळ होती ना, आत्या. चूक करून संपवायचं नव्हतं."

धार थांबली. शेळीनं वळून बघितलं. मला वाटलं, मी त्यांना दोष दिला असं त्यांना वाटणार. तसंच झालं.

"म्हंजे म्या हरवलं तुला," त्या म्हणाल्या.

"नाही हो, आत्या..."

"व्हय. म्याच." त्यांचा आवाज चढला. रागावल्या होत्या, पण माझ्यावर नाही. "सून घरात येयाच्या आधीच तिला हरवून बसले. लोक काय म्हनतील?"

त्यांनी चरवी बाजूला ठेवली, पदरानं हात पुसले आणि माझ्याकडं बघितलं.

"फुडची कवा हाय?"

मला प्रश्न समजला होता. उत्तरही माहीत होतं. पण आयुष्यात कुणी मला तारीख विचारली आणि मी उत्तर द्यायला इतका वेळ लावला, असं त्याआधी कधी झालं नव्हतं. शेवटी कसंबसं सांगितलं. दरवर्षी असते. येत्या वर्षीही तेव्हाच, महिन्याच्या शेवटच्या रविवारी.

"जा मंग," त्या म्हणाल्या. "त्याच्या फुडच्या सालीबी जा. शेळ्या मी बघते." चरवी उचलून त्या घरात निघाल्या आणि उंबऱ्यात थांबल्या. "आन् आता तिथं जपू नको."

पुढच्या वर्षी मी एकही उत्तर पडताळलं नाही आणि देशात पहिली आले.